योग्यकार्तात आईवडिलांना घेऊन कसं फिरावं?

तुम्ही विचारलंय की आईवडिलांसोबत चार दिवस इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्यकार्ताला जाताय, तर स्कूटर भाड्याने घ्यावी की टॅक्सी, आणि शहरात फिरायचं कसं. मी माझ्या आईला घेऊन गेले होते, म्हणून सांगते.

स्कूटर नको. वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूनेच असली तरी आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि तिघांना एक स्कूटर पुरणार कशी? ॲपवरून ग्रॅब किंवा गोजेकची गाडी मागवा.

पण त्याआधी उत्तर दिशा ओळखायला शिका. तिथे रस्ता विचारला की डावं-उजवं कमी, दिशाच जास्त ऐकू येतात: लोर म्हणजे उत्तर, किदुल दक्षिण, वेतान पूर्व, कुलोन पश्चिम. आपल्याकडे गावात जुनी माणसं ‘उगवतीला’, ‘मावळतीला’ म्हणतात ना, तसंच. आईला ते लगेच जमलं, मी मात्र फोनमधल्या नकाशात डोकं घालून बसले होते. हे शहरच दिशेवर उभं आहे. उत्तरेला मेरापी ज्वालामुखी, दक्षिणेला समुद्र, आणि त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर तुगू स्तंभ, मालिओबोरो रस्ता आणि सुलतानाचा क्रातोन, म्हणजे राजवाडा. १७५५च्या गियांती करारात मातारामचं राज्य दुभंगलं आणि पहिल्या हामेंकुबुवोनो सुलतानाने ही राजधानी वसवली. २०२३ साली या अक्षाला युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. शहराचं नाव अयोध्येवरून आलं असं मानतात.

मालिओबोरोवर वाहतूक एकेरी आहे, उत्तरेकडून दक्षिणेकडे. त्यामुळे हॉटेल उत्तरेला असेल तर परतताना गाडीला वळसा पडतो. जाताना हळूहळू चालत जा, येताना गाडी गल्लीत बोलवा. वडीलधारे थकले तर बेचाक आहेच. या सायकलरिक्षात बसणारा पुढे आणि चालवणारा मागे असतो, त्यामुळे समोरचं सगळं मोकळं दिसतं. भाडं बसण्याआधी ठरवा आणि वाटेत दुकानात थांबायचं नाही हेही तेव्हाच सांगा. आम्ही सांगितलं नव्हतं, तर पाऊण तास बाटिकच्या दुकानात गेला.

क्रातोन सकाळीच बघा, दुपारी लवकर बंद होतो. तिथून तामान सारी हा सुलतानाचा जलमहाल जवळ आहे, पण पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखत असतील तर आत शिरायच्या आधी विचार करा.

प्रम्बानान हा जुन्या हिंदू मंदिरांचा समूह पूर्वेला साधारण १७ किलोमीटरवर आहे. ट्रान्स जोग्जा ही शहरी बसही जाते, पण तुम्ही गाडीच करा. ४७ मीटर उंच शिवमंदिराच्या कठड्यावरचं रामायण दगडात वाचताना आई एकेक प्रसंग मला सांगत होती. त्या दोन तासांसाठी मी पुन्हा तिथे जाईन. बोरोबुदुरचा भव्य बौद्ध स्तूप वायव्येला ४० किलोमीटरवर. वर चढायला रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, म्हणून तिकीट आधी काढा. चढताना ‘उपानात’ नावाच्या विणलेल्या चपला घालाव्या लागतात. शब्द ओळखीचा वाटला ना? संस्कृतातला उपानह.

नव्या विमानतळावरून तुगू स्टेशनपर्यंत रेल्वेने या, साधारण ४० मिनिटं लागतात. स्टेशनाबाहेर दक्षिणेला वळलात की मालिओबोरोच.

आईवडील शाकाहारी असतील तर गुदेगच्या मोहात जपून. कोवळ्या फणसाची ती गोडसर भाजी दिसते आपली, पण सोबत अंडं, कोंबडी आणि क्रेचेक, म्हणजे गुरांच्या कातडीचं कालवण, वाढतात. आधी ‘तान्पा दागिंग’ म्हणा, म्हणजे मांसाशिवाय. तरीही रस्सा कशाचा आहे ते विचारा.