हरण्या, टॉनिक आणि ‘माझी तत्त्वं कोणती?’

‘आयुष्यात तत्त्वं हवीत हे पटतं, पण माझी कोणती हेच सांगता येत नाही.’ तिशीच्या आसपासची बरीच मुलं-मुली हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. जळगाव जिल्ह्यातल्या यावल भागातला एक तरुण आला तो यादी घेऊनच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) खतं-औषधं विकणाऱ्या कृषी केंद्रात नोकरी, घरी आई-वडील, बायको, लहान मुलगी, डोक्यावर घराचं कर्ज. वहीच्या पानावर प्रामाणिकपणा, मेहनत, कुटुंब, प्रगती, समाधान. ‘मॅडम, सगळे शब्द बरोबर वाटतात, पण एकही माझा वाटत नाही.’

वही मिटायला सांगितली आणि विचारलं, ‘अलीकडे झोप कशाने उडाली होती?’

तो बराच वेळ गप्प होता. मग बोलू लागला. पावसाळी, ढगाळ दिवस होते. एक ओळखीचे काका केळीचं पान घेऊन दुकानात आले. पानावर पिवळे पट्टे. त्याने बघताक्षणी ओळखलं, हरण्या. हा विषाणूजन्य रोग. त्यावर औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करायचं, रोग पसरवणारी मावा ही कीड आटोक्यात ठेवायची, एवढंच हाती असतं. पण काका म्हणाले, ‘भाऊ, काहीतरी दे रे,’ आणि मालकाने पिकांच्या टॉनिकचं टार्गेट दिलेलं. त्याने दोन बाटल्या दिल्या. ‘काका माझ्यावर विश्वास ठेवून आले होते,’ हे सांगताना त्याचा आवाज बसला.

तत्त्व शोधायचं ते इथे. जिथे आपल्याला बोचतं, तिथे आपण काहीतरी मोलाचं मानतो म्हणूनच बोचतं. चांगल्या शब्दांच्या यादीतून निवड करायला गेलं की माणूस लोकांना आवडेल ते निवडतो.

त्याला दुसरी भीती होती, ‘घरासाठी कमिशन हवं आणि शेतकऱ्याशी खरंही बोलायचं, म्हणजे मी दुटप्पी आहे का?’ अजिबात नाही. मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी 1992 मध्ये माणसाची 10 मूलभूत मूल्यं एका वर्तुळात मांडली. शेजारची मूल्यं एकमेकांना पूरक, समोरासमोरची एकमेकांना ओढणारी. स्वतःची प्रगती आणि इतरांचं भलं या मांडणीत समोरासमोरच येतात. ओढाताण माणसाच्या घडणीतच आहे. म्हणूनच नुसता ‘प्रामाणिकपणा’ लिहून भागत नाही. ओढाताणीच्या वेळी मी काय करीन, हे लिहावं लागतं.

आम्ही तेच लिहायला घेतलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘मी कुणालाही कधीच फसवणार नाही.’ असलं वाक्य आठवडाभरही टिकत नाही, कारण ते कुठल्याच प्रसंगाला हात घालत नाही. तीन-चार वेळा खोडून झाल्यावर उरलं ते असं: ‘ज्या रोगावर औषध नाही, त्याच्या नावाने बाटली विकणार नाही. झाड उपटायला सांगेन, आणि मावा दिसला तरच त्याचं औषध देईन.’ घरासाठीही एक वाक्य आलं, ‘पैशाची अडचण बायकोपासून लपवणार नाही.’ हे दुसरं लिहायला त्याला जास्त वेळ लागला.

मग किंमत मोजायला लावली, अक्षरशः. टॉनिकवरचं कमिशन गेलं तर महिन्याला किती कमी पडतील, हप्ता निघेल का, हा हिशोब त्याने बायकोला घेऊन मांडला. ही पायरी मी कुणालाच गाळू देत नाही. परवडतं की नाही हे न बघता घेतलेलं तत्त्व पहिल्याच तंगीत सुटतं, आणि माणूस स्वतःलाच नालायक ठरवून मोकळा होतो.

मालक नाराज झाला. एक गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊन बाटली घेऊन आलं. पुढच्या भेटीत हे सांगताना तो दुःखी होता, पण झोप लागते म्हणाला. ‘हे वाक्य ठेवतो. नोकरी मात्र हीच ठेवायची का, ते आता बघायचंय.’ त्यावर आमचं बोलणं अजून सुरू आहे.