भंगार पिक्चर, भारी गप्पा

प्रश्न: आमचा ग्रुप विचित्र, फसलेले, कल्ट पिक्चर बघतो, पण गप्पा 'कसला भंगार' याच्यापुढे जातच नाहीत. काय करायचं?

उत्तर: पिक्चर असा का झाला असेल ते शोधा ना, खरी मजा तिथंच आहे! दिग्दर्शक एड वुडचा 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' घ्या, त्यातला नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारला, हाताशी त्याचे थोडेच शॉट्स होते, मग वुडने बायकोच्या कायरोप्रॅक्टरला (पाठ-मणक्यांवर उपचार करणाऱ्याला) त्याच्या जागी उभं केलं आणि त्याने तोंडासमोर केप धरून उरलेले सीन केले. एवढ्या अडचणीत पिक्चर पुरा करायची ही जिद्द मला तरी फार आवडते. आणि बघताना कमेंट्स नकोत प्लीज, नंतर प्रत्येकाने मनापासून आवडलेला एक सीन सांगायचा, वाद आपोआप पेटतो.