अँड्रॉइडच्या पोटात हे व्हर्च्युअल मशीन कशाला?

प्रश्न : अँड्रॉइडवर अ‍ॅप थेट प्रोसेसरवर न चालता व्हर्च्युअल मशीनमधून चालतं म्हणे. मग फोन उगाच स्लो नाही का होणार? आयफोनला हे लागत नाही ना?

उत्तर : नाही लागत, कारण आयफोन अ‍ॅपलचा, चिपही अ‍ॅपलच ठरवणार, तिथे अ‍ॅप आधीच त्या चिपच्या भाषेत करून ठेवलं की झालं. अँड्रॉइडचं तसं नाही हो, बहुतेक फोन एआरएम जातीच्या चिपवर, पण २०१४ च्या आसपास इंटेलच्या चिपचे झेनफोनही आपल्याकडे धडाधड विकले गेले आणि त्यावर तीच अ‍ॅप्स चालली, कारण अ‍ॅप येतं ते बाइटकोडमध्ये, म्हणजे कुठल्याच एका चिपच्या नसलेल्या मधल्या भाषेत, आणि त्याचं तुमच्या चिपच्या भाषेत भाषांतर फोनमधलं हे व्हर्च्युअल मशीन करतं.

स्लो व्हायचं म्हणाल तर सुरुवातीला व्हायचंच. तेव्हा डाल्विक नावाचं व्हर्च्युअल मशीन होतं (नाव आइसलंडमधल्या एका गावाचं!), ते चालता चालता भाषांतर करायचं. २०१४ ला अँड्रॉइड ५ मध्ये त्याच्या जागी एआरटी (अँड्रॉइड रनटाइम) आलं, ते अ‍ॅप टाकतानाच सगळं भाषांतर उरकायचं, म्हणून तर अपडेटनंतर "११२ पैकी ४३ अ‍ॅप ऑप्टिमाइझ होतंय" असलं काहीतरी बघत बसावं लागायचं, आठवतंय का? अँड्रॉइड ७ पासून मधला मार्ग, जे जास्त वापरता तेवढंच आधी, तेही फोन चार्जिंगला नुसता पडलेला असताना.

आणि हो, सिक्युरिटीसाठी व्हर्च्युअल मशीन आहे असं बरेच जण ठोकून देतात, ते खरं नाही. एका अ‍ॅपने दुसऱ्याच्या डेटात तोंड घालू नये हे काम मुळात लिनक्स कर्नलचं, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्याचं, प्रत्येक अ‍ॅपला वेगळा यूजर आयडी देऊन.