वाचकांचे प्रश्न : अयुथयाची पडकी देवळे आणि रत्नागिरीचा थिबा

प्रश्न : डिसेंबरात आम्ही बँकॉकला जाणार आहोत आणि त्यातला एक दिवस अयुथयासाठी राखून ठेवला आहे. वडिलांनी पंचाहत्तरी ओलांडली असून त्यांना फार चालवत नाही. तिथे सगळी पडकीच देवळे आहेत असे ऐकतो. नेमकी कोणती पाहावीत, आणि वेळ वाचवण्यासाठी संग्रहालय वगळले तर चालेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वगळायचेच असेल तर दोन देवळे वगळा, परंतु संग्रहालय वगळू नका. आणि निघण्यापूर्वी एखादा रविवार काढून आपल्याच गावातला थिबा राजवाडा पुन्हा एकदा पाहून घ्या, ही विनंती. अयुथयाची स्थापना 1351 साली झाली आणि चारशेहून अधिक वर्षे ती सयामची राजधानी होती. 1767 साली ब्रह्मदेशाच्या सैन्याने ती लुटून जाळली. ते सैन्य ज्या कोनबाउंग घराण्याचे होते, त्याच घराण्याचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी 1885 मध्ये त्याला पदच्युत केले, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले आणि 1916 मध्ये तो तिथेच वारला. जिंकणाऱ्यांचा शेवट आपल्या अंगणात झाला आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाला अयुथयाच्या भिंती निराळ्या दिसतात.

आता तिथल्या दिवसाविषयी. बँकॉकहून अयुथया सुमारे 80 किलोमीटरवर आहे आणि रेल्वेने दीड-दोन तासांत पोचता येते. जुने शहर चाओ फ्राया, पासाक आणि लोपबुरी या तीन नद्यांनी वेढलेले असून स्थानक पासाकच्या अलीकडच्या काठावर आहे. समोरच्या धक्क्यावरून लहानशी होडी पलीकडे नेते, ज्याचे तरीवर वाढलेल्या कोकणी माणसाला अप्रूप वाटू नये. तरुण मंडळी सायकल घेतात. आपण मात्र वडिलांसाठी दिवसभराची टुकटुक ठरवावी.

सुरुवात वाट महाथात येथून करावी. (‘वाट’ म्हणजे बौद्ध विहार. कुंपणाने वेढलेली जागा या अर्थाच्या संस्कृत शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते आणि आपल्या वाडीचे मूळही तेच.) झाडाच्या मुळांनी वेढलेले बुद्धमस्तक येथेच आहे. त्याच्याबरोबर छायाचित्र काढताना आपले डोके मूर्तीच्या डोक्यापेक्षा खाली राहील असे बसावे लागते, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. बहुतेक पर्यटक तेवढे छायाचित्र घेऊन निघून जातात. आपण मागच्या मुख्य शिखराचा उरलेला चौथराही पाहावा, कारण त्याच्या जुन्या बांधकामात चक्क जांभा दगड आहे. एरवी हे शहर विटांचे आणि चुन्याच्या गिलाव्याचे आहे. गिलावा झडला, विटा उघड्या पडल्या, म्हणून ते इतके तांबडे दिसते.

शेजारीच वाट राचाबुराना आहे आणि संग्रहालयाचा आग्रह मी त्याच्यासाठी धरतो आहे. 1424 साली गादीसाठी दोन राजपुत्र हत्तींवरून लढले, दोघेही मेले आणि राज्य तिसऱ्या भावाला मिळाले. त्याने थोरल्या भावांच्या दहनभूमीवर हे देऊळ उभारले. त्याच्या शिखराखालच्या तळघरात पुरलेले सोने पाचशेहून अधिक वर्षे कुणाच्या हाती लागले नाही. 1957 मध्ये चोरांनी ते फोडले, पुष्कळ ऐवज लांबवला आणि त्यानंतर सरकारी उत्खननात उरलेला बाहेर आला. राजखड्ग आणि रत्नजडित सोन्याचा बसका हत्ती आज ज्या चाओ साम फ्राया राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, ते त्या तिसऱ्या भावाच्याच नावाने 1961 मध्ये उघडले. रिकामे तळघर आणि भरलेले कपाट एकाच दिवशी पाहिले तरच या शहराचे वैभव काय होते ते कळते. तळघराच्या पायऱ्या अरुंद आणि उभ्या आहेत. वडिलांना वर सावलीत बसवावे. सोमवारी मात्र जाऊ नका, संग्रहालय बंद असते.

दुपारनंतर वाट फ्रा सी सानफेतचे तीन स्तूप जाता जाता पाहिले तरी पुरे. संध्याकाळ नदीच्या पश्चिम काठावरच्या वाट चायवत्थनारामसाठी ठेवा. 1630 मध्ये ख्मेर धाटणीने बांधलेले हे देऊळ कलत्या उन्हात सर्वांत देखणे दिसते.

प्रश्न : अयुथया हे नाव अयोध्येवरून आले असे म्हणतात. मग तिथे राममंदिर आहे का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : नाव अयोध्येवरूनच आले आहे आणि संस्थापक राजाने ‘रामाधिबोदी’, म्हणजे रामाधिपती, ही पदवी घेतली होती. तरीही पाहण्यासारखी देवळे बौद्धच आहेत. राम तिथे राजाच्या बिरुदात आणि कथेत राहिला. ‘रामाकियेन’ हे थाई रामायण चित्रांत पाहायचे असेल तर बँकॉकच्या राजवाड्यातील वाट फ्रा केओच्या ओवऱ्यांत जावे. तिथल्या भिंतींवर 178 चित्रखंड आहेत. तिथे खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.