वाचकांचे प्रश्न : फराळाच्या पोस्ट आधीच लावून ठेवायच्या आहेत

प्रश्न : नौपाड्यात आमचे घरगुती फराळाचे लहानसे दुकान आहे. फेसबुक पेज आणि इन्स्टाग्रामवर मी मोबाइलवरूनच पोस्ट टाकते. परंतु दिवाळीच्या ऑर्डरींच्या धांदलीत ते राहून जाते. भाच्याच्या सांगण्यावरून दुकानातल्या संगणकावर पोस्ट आधी लावून ठेवणारे एक अ‍ॅप घेतले. त्याला इन्स्टाग्राम जोडता येत नाही आणि मजकूर पेस्ट केला की अक्षरे भलतीच उमटतात. सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : आपले इन्स्टाग्राम खाते बहुधा ‘पर्सनल’ प्रकारचे असावे. बाहेरच्या अ‍ॅपमधून पोस्ट प्रसिद्ध करण्याची मुभा इन्स्टाग्राम केवळ ‘प्रोफेशनल’, म्हणजे व्यावसायिक वापराच्या, खात्यांना देते. हा बदल इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये विनामूल्य करता येतो. मात्र त्यानंतर खाते ‘प्रायव्हेट’ ठेवता येत नाही, म्हणून घरगुती छायाचित्रे असतील तर ती आधी काढून घ्यावीत. अनेक अ‍ॅपमध्ये हे खाते फेसबुक पेजशी जोडलेले असणेही आवश्यक असते आणि त्या पेजचे पूर्ण अधिकार भाच्याकडे नव्हे, आपल्याकडे असावेत.

जोडणी करताना फेसबुकचे स्वतःचे पान ब्राउझरमध्ये उघडते आणि पासवर्ड तेथेच द्यायचा असतो. अ‍ॅप स्वतःच्या चौकटीत तो मागू लागले, तर तेथेच थांबावे. पुढे अ‍ॅप नकोसे झाल्यास दिलेली परवानगी फेसबुकच्या सेटिंग्जमधील ‘बिझनेस इंटिग्रेशन्स’ या भागातून काढून टाकता येते, संगणकावरून अ‍ॅप पुसल्याने ती आपोआप जात नाही.

भाच्याला रुचणार नाही, पण केवळ फेसबुक आणि इन्स्टाग्राम सांभाळायचे असेल, तर वेगळ्या अ‍ॅपची गरजच नाही, असे माझे मत आहे. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीचेच ‘मेटा बिझनेस सूट’ ब्राउझरमध्ये विनामूल्य चालते आणि त्यात दोन्हीकडच्या पोस्ट तारीखवार लावता येतात.

आता अक्षरांविषयी. आपण दरपत्रकाचा मजकूर डीटीपीवाल्याकडून आणला असावा आणि तो कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असावा. अशा फाँटमध्ये संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरेच साठवतो, फक्त त्यांचे रूप देवनागरी दाखवतो. त्यामुळे कृतिदेवमधला ‘चिवडा’ पोस्टमध्ये एफ, पी, ओ, एम, के अशा पाच अक्षरांचा होतो. त्यातले पहिले एफ म्हणजे पहिली वेलांटी. त्या फाँटमध्ये ती अक्षराआधी टाइप होते, तर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल आणि इंटरनेटवर सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, अक्षरानंतर. मजकूर रूपांतरित करून घेता येतो; परंतु वेलांट्या आणि रफार नजरेखालून घालावेतच. दहा ओळींचा मजकूर असेल, तर तो युनिकोडमध्ये नव्याने टाइप करणे अधिक सोपे.

कोणतेही अ‍ॅप घेतले तरी त्यातील टाइम झोन तपासावा. तो यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, राहिला, तर संध्याकाळी सातसाठी लावलेली पोस्ट आपल्याकडे रात्री साडेबाराला जाते, आणि त्या वेळी चकलीची ऑर्डर कोण देणार? तसेच काही अ‍ॅप पोस्ट स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या सतत चालू असलेल्या संगणकावर, ठेवतात, तर काही आपल्याच संगणकावर. दुसऱ्या प्रकारात शटर ओढताना संगणक बंद केला की पोस्ट जात नाही. एके संध्याकाळी अर्ध्या तासानंतरची एक साधी पोस्ट लावून संगणक बंद करावा आणि ती वेळेवर उमटते का, हे मोबाइलवर पाहावे. उमटली नाही, तर दिवाळीच्या आठवड्यात त्या अ‍ॅपवर विसंबू नये.