पलटणीचं टार्टन आणि खोचलेली घोंगडी

एका वाचकाचा प्रश्न आहे: "माजी सैनिक आपल्या सेवेची खूण म्हणून मिलिटरी टार्टनचा किल्ट घालतात, त्यावरचा एक लेख मराठीत आणतोय. टार्टनला 'चौकडा' आणि किल्टला 'घागरा' केलं, तर 'लष्करी चौकड्याचा घागरा' असं काहीतरी तयार झालं. माझं मलाच हसू येतंय. बरा शब्द सुचवा. आणि तो किल्ट की ती किल्ट?"

किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधल्या पुरुषांचं कंबरेपासून गुडघ्यापर्यंतचं निऱ्यांचं वस्त्र, आणि टार्टन म्हणजे त्याचं चौकटीच्या नक्षीचं लोकरी कापड. शेवटचा प्रश्न सोपा आहे, तो आधी उरकतो. तो स्कर्ट, तसा तो किल्ट. अनेकवचनही किल्टच: दोन किल्ट, चार किल्ट.

घागरा मात्र नको. घागऱ्याचा जीव घेरात असतो, किल्टचा निऱ्यांत. शिवाय किल्ट हे मुळात नाम नव्हतंच, ते क्रियापद होतं. स्कॉट बोलीत 'किल्ट करणं' म्हणजे नेसूचं वर उचलून खोचणं. शब्द उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियन भाषांतून आलेला आहे. डॅनिशमध्ये त्याचा भाऊबंद अजून त्याच अर्थाने सापडतो. भातलावणीला चिखलात उतरताना बाई लुगडं गुडघ्यावर घेऊन खोचते ना, नेमकी तीच क्रिया. नेसण्याच्या रीतीवरून वस्त्राचं नाव पडलं.

आणि खोचायचं काय, तर घोंगडी. जुना, मोठा किल्ट शिवलेला नसे. ती लोकरीची लांबच लांब घोंगडी. कंबरेला निऱ्या घालून वरून पट्टा आवळायचा, उरलेला भाग खांद्यावर टाकायचा, रात्री तीच अंगावर ओढून झोपायचं. त्या घोंगडीला स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या गेलिक भाषेत 'प्लेड'च्या जवळचा शब्द आहे. पुढे अमेरिकेत प्लेड हे चौकटीच्या नक्षीचंच नाव झालं. म्हणून अठराव्या शतकातल्या मजकुरात प्लेड दिसलं तर बेधडक 'घोंगडी' लिहा, आणि आजच्या अमेरिकी मजकुरात दिसलं तर 'चौकटीचा शर्ट'. या दोन्हींची अदलाबदल झालेली भाषांतरं मी वाचली आहेत. त्यात डोंगरातले लढवय्ये शर्ट पांघरून झोपतात.

खालचा निम्मा भाग वेगळा झाला तो 'फिलिबेग', म्हणजे लहान किल्ट. आजचा किल्ट त्याच्याच वंशातला. यात निऱ्या मागे आणि शिवून पक्क्या केलेल्या, पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर. पलटणीच्या किल्टला साधारण आठ वार कापड लागतं. नऊवारीला एकच वार कमी! फक्त आपल्या निऱ्या पुढे, त्यांच्या मागे. तेव्हा कापडाचं वर्णन करताना 'प्लीट्स' लिहायची गरजच नाही, 'निऱ्या' हा शब्द तिथे चपखल बसतो.

आता टार्टन. 'चौकडा' हा शब्द मला आवडतो. इरकलीचा चौकडा असतो, लुंगीचा असतो, गोव्याच्या कुणबी लुगड्याचा तांबडा चौकडा तर लांबूनच ओळखू येतो. (सरदारांच्या कानातला मोत्यांचा चौकडा वेगळा, आणि चांडाळ चौकडी त्याहून वेगळी.) पण प्रत्येक टार्टन चौकड्याचं असलं तरी प्रत्येक चौकडा टार्टन नसतो. टार्टनमध्ये रंगांचा क्रम आणि प्रत्येक रंगाचे धागे किती, हे ठरलेलं असतं. बहुतेक टार्टनांत हा क्रम एका टोकापर्यंत जातो आणि तिथून उलटा परत येतो, आरोह-अवरोहासारखा. ताण्यात (उभ्या धाग्यांत) जो क्रम तोच बाण्यात (आडव्या धाग्यांत). विणताना धागा दोनांवरून, दोनांखालून जातो, म्हणून जिथे दोन रंग एकमेकांना छेदतात तिथे बारीक तिरप्या रेघांचा तिसराच रंग दिसतो. कापड डोळ्यांजवळ धरलं तरच ते कळतं. स्कॉटिश लोक या क्रमाला 'सेट' म्हणतात. मराठीत मी 'आवर्तन' म्हणेन. 'सेट' लिहिलं की टीव्ही आठवतो.

त्या आवर्तनाला नाव असतं, आणि स्कॉटलंडमध्ये २००९ पासून त्यांची सरकारी नोंदवहीही आहे. म्हणून कापडाची जात सांगायची असेल तिथे चौकडा म्हणा. ते कुणाचं, म्हणजे कोणत्या घराण्याचं किंवा पलटणीचं आहे हे सांगायचं असेल तिथे टार्टनच ठेवा.

ते 'कुणाचं' सैन्यात कसं आलं, हा भाग तुमच्या लेखाला उपयोगी पडेल. १७२५ च्या सुमारास स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखावर (हायलँड्सवर) नजर ठेवायला स्थानिक माणसांच्या तुकड्या उभ्या केल्या. १७३९ मध्ये त्यांची पलटण झाली. तिचं टार्टन गर्द निळं, हिरवं आणि काळं. लाल डगलेवाल्या शिपायांपुढे काळपट दिसणारं. त्या पलटणीचं नाव ब्लॅक वॉच. यातल्या 'वॉच'चा अर्थ पहारा. गेलिक नावही 'काळा पहारा' असंच आहे. तुमच्या मसुद्यात चुकून 'काळं घड्याळ' आलं असेल तर आजच खोडा.

पुढे १७४५ चं राजाविरुद्धचं बंड मोडल्यावर लंडनच्या पार्लमेंटने कायदा केला, की स्कॉटलंडमधल्या पुरुषांनी किल्ट आणि टार्टन घालायचं नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार रवानगी. कायदा १७८२ पर्यंत टिकला. त्यातून सूट कुणाला, तर राजाच्या फौजेतल्या शिपायांना! म्हणजे गावात आजोबांचा किल्ट पेटीत कुजतोय आणि नातू तोच पोशाख पलटणीत उजळ माथ्याने घालतोय. ज्या सरकारने कापड हिसकावलं त्याच्याच चाकरीत ते परत मिळालं. मला यात सन्मानाइतकाच डावही दिसतो.

पलटणी वाढल्या तशा खुणा वाढल्या, पण किती किफायतशीरपणे ते पाहा. १७९४ मध्ये गॉर्डन हायलँडर्स उभी राहिली तेव्हा काळ्या पहाऱ्याच्याच टार्टनवर एक पिवळी रेघ चढवली. मॅकेंझी घराण्याच्या टार्टनमध्ये त्याच पायावर पांढरी आणि तांबडी रेघ. ती पिवळी रेघ दिसावी कशी? सामान्य नागरिकाच्या किल्टच्या निऱ्या बहुधा अशा घालतात की मागूनही चौकड्याचं चित्र अखंड दिसावं. पलटणीत निऱ्या रेघेवर धरण्याची रीत: प्रत्येक निरीवर तीच एक उभी रेघ येते. गॉर्डनचा शिपाई पाठमोरा उभा राहिला की निऱ्यांवर ओळीने पिवळ्या रेघा दिसत. चालताना निऱ्या उघडल्या की मधला काळोखा रंग डोकावून जाई.

म्हणून 'लष्करी टार्टन' मला ढोबळ वाटतं. लष्कर सगळ्यांचं असतं, खूण मात्र एका पलटणीची असते. 'पलटणीचं टार्टन' म्हणा. पलटण हा शब्द आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या शिपायांच्या घरांत वावरलेला आहे. सगळ्या प्रकारांना मिळून एक नाव हवं असेल तर 'मिलिटरी टार्टन'ही चालेल. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' चिकटलंय, तिथे आपण कशाला सोवळं पाळायचं?

पलटणीऐवजी अख्ख्या दलाचं टार्टन असेल तर 'दलाचं' म्हणा. कॅनडाच्या हवाई दलाचं टार्टन १९४२ सालचं: प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या प्रशिक्षण तळाचे प्रमुख एल्मर फुलर्टन यांनी स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या 'बर्न्स रात्री'च्या खान्याला आपल्या बॅगपाइप पथकासाठी ते योजलं. फिकट निळा, गडद निळा आणि किरमिजी असे रंग. अशा टार्टनांना घराण्याची परंपरा नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. स्कॉटिश घराण्यांची बरीचशी 'प्राचीन' टार्टनं तरी एकोणिसाव्या शतकातच स्थिरावलेली आहेत.

एक नाव आपल्या अंगणातलं. ७८ व्या हायलँडर्स पलटणीच्या इतिहासात हत्तीचं चिन्ह आणि एक गावाचं नाव येईल, इंग्रजी अक्षरांवरून तुम्ही ते 'असाये' वाचाल. ते आपलं जालना जिल्ह्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईबद्दल त्या पलटणीला हा मान मिळाला. तिचं टार्टन मॅकेंझी. इकडे आपण ती लढाई हरलेल्यांच्या बाजूने वाचतो, म्हणून 'असईचा विजय' लिहिताना कुणाचा ते लिहा.

राहिली 'सेवा'. नुसती सेवा म्हटलं की मराठीत देवळातली घंटा तरी वाजते नाहीतर ग्राहक सेवा केंद्राचा फोन. तिथे 'पलटणीतली वर्षं' किंवा सरळ 'सैन्यातली नोकरी' म्हणा. तुमचं वाक्य मी असं करेन: "पलटणीत काढलेल्या वर्षांची खूण म्हणून माजी सैनिक समारंभाला आपल्या पलटणीच्या टार्टनचा किल्ट घालतात."