पाच गिअरचा बॉक्स बसवल्यावर गाडी थरथरते? कोन मोजा, पण चाकं जमिनीवर ठेवून

1972 ची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तिच्यात फोर्ड सिएराचा पाच गिअरचा टाइप 9 गिअरबॉक्स, आणि तो बसवल्यापासून ताशी 90 ते 100 किमीच्या दरम्यान अख्खी गाडी थरथरते. टायर दोनदा बॅलन्स करून झाले, शाफ्टवाला म्हणतो शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा) ठीक आहे. तुमची ही तक्रार वाचली आणि पोटात कालवलं, कारण हीच गोष्ट माझ्या गाडीची. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

अडॅप्टर, क्लच प्लेट वगैरे तुम्ही नीट बसवलंच असणार, त्यात शिरत नाही. आधी एक चाचणी करा. रिकामा, सरळ रस्ता बघून थरथर सुरू होईल त्या वेगाला गाडी न्या, न्यूट्रल करा आणि इंजिन आयडलला येऊ द्या. थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच निर्दोष. दोष मागे आहे, शाफ्टपासून चाकांपर्यंत कुठेतरी. मग थरथर कशी आहे ते ओळखा. 100 च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण 15 फेरे घेतं, त्याचा दोष स्टिअरिंगमध्ये जड हेलकाव्यासारखा जाणवतो. डिफरन्शियलचं प्रमाण 3.909, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 3.909 फेरे, त्यामुळे शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला 58 च्या आसपास फेरे घेत असतो. माझ्या गाडीत गिअरची मूठ हातात मधमाशी धरल्यासारखी गुणगुणायची आणि आरशातल्या मागच्या गाडीचे दोन दिवे एकमेकांत मिसळायचे. टायरमुळे असं होत नाही.

आता माझी चूक. गिअरबॉक्स बसवून झाल्यावर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन मी मोजले, अगदी डिजिटल गेज लावून मोजले. पण गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर होती. अशा लिफ्टवर बॉडी उचलली जाते आणि मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) खाली लोंबकळतो. त्या अवस्थेतले कोन जुळावेत म्हणून मी अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये पाचरी घातल्या. गाडी खाली उतरल्यावर पाटे वजनाने बसले आणि सगळं गणित बदललं. पुन्हा मोजण्याचं डोक्यातही आलं नाही.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. शाफ्टच्या प्रत्येक टोकाला क्रॉसचा सांधा (युनिव्हर्सल जॉइंट) असतो; तो वाकड्यात फिरतो तेव्हा पुढची बाजू एकसारख्या वेगाने फिरत असली तरी मागची एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा सावकाश होते. दुसऱ्या टोकाचा सांधा हा चढउतार पुसून टाकतो, पण दोन अटींवर: दोन्ही कोन सारखे हवेत आणि शाफ्टवरचे दोन्ही योक (सांधा धरणारे दुबेळके) एका ओळीत हवेत. गिअरबॉक्सच्या शेपटीची (मागच्या टोकाची) रेषा आणि पिनियनची (शाफ्ट ज्याला जोडतो त्या डिफरन्शियलच्या गिअरची) रेषा समांतर हवी. एकाच सरळ रेषेत असण्याची गरज नाही, उलट अंशभर कोन असलेला बरा, नाहीतर सांध्यातले सुईसारखे रोलर जागच्या जागी दाबले जाऊन खड्डे पाडतात. चाकं जमिनीवर ठेवून मोजलं तेव्हा माझ्या गाडीत पुढे दीड अंश निघाला आणि मागे चारच्या वर.

पण तिथवर पोचायला मला तीन महिने लागले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. ज्या वर्कशॉपने शाफ्ट बनवून दिला त्यांच्याकडे मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा त्यांनी शाफ्ट मशीनवर चढवला, बॅलन्स बघितला, कागदावर आकडा लिहून दिला आणि सांगितलं की आमच्याकडून काम परफेक्ट आहे. काम परफेक्ट होतंही! पण बॅलन्सने वजनातला दोष जातो, कोनातला नाही. मशीनवर शाफ्ट सरळ फिरतो, गाडीत वाकडा. रोज शाफ्ट बनवणाऱ्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, गाडी कशी उभी करून मोजलं होतंस? तेवढ्या एका प्रश्नाने माझा गिअरबॉक्स वाचला असता. तोपर्यंत शेपटीतला बुश झिजला, ऑइल सील गेलं, पार्किंगमध्ये रोज थेंब दिसायला लागले. एमजीबीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात, त्यामुळे सगळं पुन्हा उघडलं.

म्हणून तुम्ही असं करा. गाडी चार खांबांच्या लिफ्टवर किंवा पिटवर, चारही चाकांवर उभी. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं काहीतरी ठेवा. पाटे आधी दोनचार वेळा दाबून सोडा. मग गिअरबॉक्सची शेपटी, शाफ्ट आणि पिनियन, तिघांचे कोन घ्या. दोन सांध्यांतला फरक एका अंशाच्या आत आणा. माझ्या गाडीत पाचरी काढून टाकल्या, गिअरबॉक्सच्या मागच्या माउंटिंगखाली पॅकिंग घातलं, आणि थरथर त्याच दिवशी गेली.

मी व्यवसायाने मेकॅनिक नाही, माझा अनुभव एका गाडीचा. 1960 च्या दशकातल्या सुरुवातीच्या गाड्यांना बँजो अ‍ॅक्सल असतो, तो मी हाताळलेला नाही. मागून गाडी खाली बसवलेली असेल तर आकडे वेगळे येतील.

तुम्ही लिहिलंय की पुढे कॅमशाफ्ट बदलायचा आणि व्ही8 चं 3.07 चं डिफरन्शियलही घालायचं. माझं स्पष्ट मत, घालू नका. 3.909 वर चौथ्या गिअरमध्ये 100 ला इंजिन मिनिटाला साधारण 3,450 फेरे घेतं, 0.82 च्या पाचव्यात ते 2,850 च्या आसपास येतं. 1,798 सीसीच्या इंजिनाला हे छान झेपतं. त्यावर 3.07 घातलंत तर 2,250 वर याल, आणि जरा चढ आला की पाचवा सोडावा लागेल. कॅम तर आणखी वरच्या फेऱ्यांत ताकद देतो, मग खालच्या फेऱ्यांत चालवायचं कशाला?

आणि हो, जुन्या बॉक्समध्ये इंजिन ऑइलच चालायचं, त्या सवयीने नव्यात 20डब्ल्यू-50 इंजिन ऑइल ओतलं नाहीत ना? टाइप 9 ला गिअर ऑइल लागतं.

न्यूट्रलच्या चाचणीत काय झालं आणि तिन्ही कोन किती आले ते लिहा, मग पॅकिंग किती लागेल ते बघू.